अनुबिसवर गोळी झाडण्याआधी

'पॉवरस्लेव्ह' या एकाच नावाचे दोन वेगळे गेम १९९६-९७च्या सुमारास बाजारात होते. दोन्ही लोबोटॉमी सॉफ्टवेअर या एकाच अमेरिकी कंपनीचे. कथाही एकच. इजिप्तमधल्या कर्नाक या प्राचीन शहरात किलमाट नावाचे परग्रहवासी घुसले आहेत, शहर त्यांच्या ताब्यात गेले आहे, एकटा शिपाई त्यांच्याशी लढतो आहे आणि रामसेस राजाचा आत्मा त्याला वाट दाखवतो आहे. हत्यारे बरीचशी तीच, शत्रू बरेचसे तेच, भिंतींवरची चित्रलिपीही तीच. तरी सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन या कन्सोलवरचा पॉवरस्लेव्ह जाणकारांच्या आठवणीत टिकला आणि डॉसवर चालणारा पीसीवरचा पॉवरस्लेव्ह 'बरा होता' एवढ्यावर निभावला. २०२२ साली नाइटडाइव्ह स्टुडिओजने 'पॉवरस्लेव्ह एक्झ्यूम्ड' या नावाने गेमचे पुनरुज्जीवन केले, तेव्हाही आधार घेतला तो कन्सोलच्या आवृत्त्यांचा.

समीक्षकाला इतकी आयती तुलना क्वचित मिळते. विषय, माणसे आणि काळ सगळे तेच असताना एका गेममध्ये इजिप्तला काही अर्थ येतो आणि दुसऱ्यात तो नुसता मागे उभा राहतो, हे कशामुळे? माझे उत्तर असे: गेममधले स्थळ भिंतींवर काय रंगवले आहे यावरून ठरत नाही, ते खेळणाऱ्याला काय करायला लावते यावरून ठरते. जी गोष्ट स्थळाची तीच काळाची. म्हणून हे उत्तर हल्ली जोमात असलेल्या 'रेट्रो' शूटरांनाही लागू पडते, कारण त्यांनाही १९९६ साल भिंतीवर रंगवायचा मोह होतो.

आधी पीसीवरचा गेम पाहू. लोबोटॉमी १९९३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड येथे सुरू झाली आणि ती सुरू करणारी मंडळी निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेतून बाहेर पडलेली होती. पीसीसाठी त्यांनी केन सिल्व्हरमनचे बिल्ड इंजिन घेतले. याच इंजिनावर थ्रीडी रिअल्म्सचा 'ड्यूक नुकेम थ्रीडी' उभा होता. तो १९९६च्या जानेवारीत आला, जूनमध्ये 'क्वेक' आला, आणि या दोघांच्या सावलीत पॉवरस्लेव्हला उभे राहायचे होते. क्वेकशी तांत्रिक बरोबरी अशक्यच होती. पण ड्यूकशी तुलना टाळता येत नाही, कारण दोघांच्या हातातले अवजार एकच होते.

ड्यूकची पहिलीच लेव्हल लॉस एंजेलिसमधल्या एका चित्रपटगृहात नेते. तिथला प्रोजेक्टर सुरू केला तर पडद्यावर चित्र हलते. आरशात आपण दिसतो, दिव्याचे बटण दाबले तर अंधार होतो, स्वच्छतागृहातल्या वस्तूही ठाकठीक वापरता येतात. विनोद आचरट आहे, बायकांचे चित्रण त्याहून वाईट आहे, पण ती जागा जागा आहे. तिथे काय घडू शकते हे ती चित्रपटगृह असण्यावर अवलंबून आहे. पीसीवरच्या पॉवरस्लेव्हला हे जमत नाही. त्याच्या एखाद्या लेव्हलमधला वालुकाश्म मनातल्या मनात खरवडून काढा आणि तिथे लोखंडी पत्रा चिकटवा. ममीला अंतराळवीराचा पोशाख घाला, रांजणांच्या जागी पिंपे ठेवा. खेळात काय बदलले? बंद दाराला किल्ली हवी, किल्ली भुयाराच्या दुसऱ्या टोकाला आणि वाटेत शत्रूंची रांग. इजिप्त वजा करूनही हिशेब बरोबर येतो. गेममध्ये कसब नाही असे मुळीच नाही; मशालींचा उजेड, पाण्याखालची भुयारे, अंगावर येणारे सापळे यांत मेहनत दिसते. पण ही मेहनत कुठल्याही देशात खपली असती.

हे घडते त्याला तांत्रिक कारण आहे आणि ते मोठे मजेशीर आहे. त्या काळच्या इंजिनांना इजिप्त फार सोयीचा पडे. १९९२च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'त भिंती काटकोनातच मिळत आणि सगळ्यांची उंची सारखी असे. १९९३च्या 'डूम'ने तिरप्या भिंती आणि उंच-सखल जमीन आणली, पण त्यातही एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली बसवता येत नव्हती. बिल्डने उतरत्या जमिनी आणल्या आणि युक्त्या लढवून बरेच काही साधले. तरी झाड, गर्दी, घरातले सामानसुमान, उघडे मैदान या सगळ्या गोष्टी अवघडच होत्या. आता थडग्याकडे पाहा. खिडक्या नाहीत. फर्निचर जवळजवळ नाही. सरळ बोळ, चौकोनी दालने, एकासारखे एक दगडी चिरे, म्हणजे एकच चित्र लांबच लांब भिंतीवर पुन्हा पुन्हा चिकटवले तरी शंका येत नाही. अंधारामुळे दूरचे काही काढावेच लागत नाही. आणि रहिवासी मेलेले असल्यामुळे त्यांनी बोलावे, ओळखावे, घाबरावे अशी अपेक्षाही नाही. संगणकाच्या मर्यादा झाकायला फॅरोंनी चार हजार वर्षे आधीच सोय करून ठेवली होती म्हणा ना!

पूर्वी जत्रेतल्या फोटो स्टुडिओत ताजमहालाचा रंगवलेला पडदा असे. त्याच्यासमोर कोणीही उभे राहावे, आठ-बारा आणे मोजावेत, आग्र्याला गेल्याचा फोटो घरी न्यावा. त्या पडद्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो पडदा आहे हे काढणारा आणि काढवून घेणारा दोघेही जाणून असत. गेमची अडचण अशी की खेळणाऱ्याला पडद्यासमोर उभे राहायचे नसते. त्याला आत शिरायचे असते. आणि आत शिरल्यावर हाताला कापडच लागले की जी निराशा होते, ती 'गेम वाईट आहे' या निराशेहून वेगळी असते.

कन्सोलच्या आवृत्तीत लोबोटॉमीने नेमका हा प्रश्न सोडवायला घेतला. तिथे बिल्ड नव्हते. एझ्रा ड्राइसबाखने लिहिलेले स्लेव्हड्रायव्हर हे कंपनीचे स्वतःचे इंजिन होते. ते इतके तगडे निघाले की पुढे १९९७ साली ड्यूक आणि क्वेक हे दोन्ही गेम लोबोटॉमीनेच त्याच्या जोरावर सॅटर्नवर आणले. पण इंजिनापेक्षा रचना महत्त्वाची. लेव्हली एकामागून एक संपवून मागे टाकायच्या नाहीत. नकाशा समोर आहे आणि जुन्या ठिकाणी परत जायचे आहे, कारण पहिल्या फेरीत जे गाठता आले नव्हते ते आता गाठता येईल. गाठता येते ते देवतांच्या वस्तूंमुळे. सोबेकचा मुखवटा मिळाला की पाण्याखाली श्वास घेता येतो. इसिसची शाल मिळाली की हवेत तरंगत उतरता येते.

वरवर पाहता या जादूच्या वस्तू निन्टेंडोच्या 'सुपर मेट्रॉइड'च्या घराण्यातल्या आहेत, आणि लोबोटॉमीची माणसे कुठून आली होती ते पाहता त्यात नवल नाही. पण त्यांची निवड पाहा. सोबेक हा मगरीच्या तोंडाचा देव, नाईलचा आणि पाणथळीचा. त्याचा मुखवटा चढवल्यावर पाणी परके न राहणे यात इजिप्तचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. इसिस घारीचे रूप घेऊन ओसायरिसच्या देहावर पंख पसरते. तिच्या वस्त्राने माणूस हवेत तरंगावा हे त्या कथेला धरून आहे. श्रद्धा इथे खेळाचा नियम झाली. पीसीच्या आवृत्तीतही जादूच्या वस्तू आहेत, पण त्या बाटलीतल्या औषधासारख्या वापरून संपतात. वापरणाऱ्यात काही बदल होत नाही. कन्सोलवरचा शिपाई मात्र हळूहळू त्या भूमीचा होत जातो. अभ्यासकाला कन्सोलच्या इजिप्तमध्येही शंभर चुका सापडतील. तरी भिंतीवरचा वालुकाश्म खरवडला तर हा गेम लंगडा पडेल, पीसीचा पडणार नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शूटर म्हणजे काही संग्रहालय नव्हे. संध्याकाळी तासभर धडाधड गोळ्या झाडायला बसलेल्या माणसाला देवतांची वंशावळ कशाला हवी? मजा येते की नाही एवढेच विचारा. आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात भक्कम उदाहरणही आहे: झाग्रेबच्या क्रोटीम कंपनीचा २००१ सालचा 'सीरियस सॅम: द फर्स्ट एन्काउंटर'. प्राचीन इजिप्तमध्ये पाठवलेला टी-शर्टवाला वीर, डोके नसूनही किंचाळत धावत येणारे आत्मघातकी शत्रू, आणि हॅटशेप्सुतच्या मंदिरापासून गिझाच्या पिरॅमिडपर्यंत अखंड धुमाकूळ. इजिप्तविषयी त्यात कळण्यासारखे फारसे नाही, आणि गेम विलक्षण रंगतो.

उदाहरण मान्य, पण ते माझ्याच बाजूने साक्ष देते. सीरियस सॅमने इजिप्तची एकच गोष्ट उचलली, पण ती खरी उचलली: आकारमान. कर्नाकच्या स्तंभगृहात १३४ खांब आहेत आणि त्यांतले मधले बारा सुमारे २१ मीटर उंच आहेत. त्यांच्यामध्ये उभा राहिलेला माणूस मुंगीएवढा वाटावा, हाच त्या वास्तूचा हेतू होता. क्रोटीमने बोळ सोडून प्रांगणे घेतली, क्षितिजापर्यंत वाळू पसरली आणि त्या क्षितिजावरून शेकडो शत्रू सोडले. लपायला आडोसा जवळजवळ नाही, म्हणून मागे मागे पळत गोळ्या झाडायच्या. दुरून आवाज आधी येतो, म्हणून कान उघडे ठेवायचे. खेळण्याची सगळी ढब त्या उघड्या जागेतून जन्मली आहे. गेम अज्ञानी आहे, पण आपल्या जागेशी प्रामाणिक आहे. अचूकपणाची अट मी घालतच नाही. जागेचा खेळावर काही परिणाम व्हावा एवढीच अट आहे, आणि विनोदी गेमही ती पाळू शकतो.

या कसोटीवर इजिप्तच्या शूटरांची सर्वांत मोठी हुकलेली संधी कोणती, तर देव. या गेमांत कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस हमखास शत्रू म्हणून येतो, डझनाने येतो आणि डझनाने मरतो. प्रत्यक्षात अनुबिस प्रेताला जपणारा, ममी करण्याच्या विधीचा देव. मृतात्म्याचे हृदय माआतच्या पिसाबरोबर तोलले जाते तेव्हा तराजूचा काटा सरळ आहे ना हे तो पाहतो. 'मृतांचे पुस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात या न्यायसभेचे वर्णन येते. मृताला ४२ न्यायाधीशांपुढे उभे राहून आपण काय काय केले नाही ते सांगावे लागते, आणि त्या यादीत मनुष्यहत्या ठळकपणे येते. म्हणजे इजिप्तच्या परलोकात शिरायची पहिली अट कोणाला मारलेले नसणे ही होती! शूटरचा नायक त्या तराजूसमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार? हा विरोधाभास गेमच्या केंद्रस्थानी ठेवता आला असता. त्याऐवजी तराजू पाहणाऱ्यालाच गोळी घातली जाते.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. इजिप्तचा परलोक मुळात लेव्हलींचा बनलेला आहे. 'द्वारांचे पुस्तक' या नावाने अभ्यासक ज्याला ओळखतात त्या रचनेत सूर्यदेव रा रात्रीचे बारा तास नावेतून पाताळ ओलांडतो. तासांच्या सीमेवर दारे आहेत, दारांवर राखणदार सर्प आहेत, आणि अपेप नावाचा महासर्प त्याला गिळायला टपलेला आहे. सेती पहिला याच्या शवपेटीवर ही रचना कोरलेली आहे आणि ती शवपेटी आज लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. मृतांच्या पुस्तकातही सात दारे येतात, प्रत्येक दारावर तिघे: एक दारपाल, एक पहारेकरी, एक वर्दी देणारा. त्यांना ओलांडायचे कसे? त्यांची नावे घेऊन. ज्याला नाव ठाऊक, त्याला दार मोकळे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने टप्पे, राखणदार, वाढता धोका आणि पहाटेचा शेवट असा सगळा आराखडा कोरून ठेवला. गेमवाल्यांनी त्यातली दारे घेतली, राखणदार घेतले, आणि ज्ञानाच्या जागी एम-६० मशीनगन ठेवली.

वेरूळच्या लेण्यांतले द्वारपाल उडवत गाभाऱ्यापर्यंत जायचे असा गेम कोणी काढला तर महाराष्ट्रात काय होईल याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही. २०१२ साली 'स्माइट' या गेममधल्या कालीच्या चित्रणावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला. त्याच गेममध्ये रा, अनुबिस, बास्टेट हेही लढत होते. त्यांच्या वतीने कोणी पत्रक काढले नाही, कारण पत्रक काढायला भक्त उरलेले नाहीत. मी बंदीचा पुरस्कर्ता नाही, आणि देवांना खेळात आणू नये असेही म्हणत नाही. आपल्याकडे दशावतारी नाटकात देव रात्रभर नाचतात, भांडतात, थट्टाही करून घेतात. पण नाचणाऱ्याला तो देव कोण आहे हे माहीत असते. मेलेल्या धर्माच्या बाबतीत ही माहिती ठेवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर अधिक येते, कारण चूक दाखवायला कोणी येणार नसते. शूटरांनी मात्र उलटा अर्थ काढला: मालक नसलेला माल फुकटचा.

फुकटचा हा माल कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा आश्रयदाता लॉर्ड कार्नार्व्हन वारला आणि वर्तमानपत्रांनी 'शाप' उचलून धरला. १९३२च्या 'द ममी' या हॉलिवूडपटाचा पटकथाकार जॉन बाल्डरस्टन त्या उत्खननाची वार्तापत्रे लिहिणारा पत्रकार होता. तिथून पुढे ममी चालू लागली ती थांबलेली नाही. पॉवरस्लेव्हच्या हातात इजिप्त येईपर्यंत तो अशा चित्रपटांमधून गाळून आलेला होता: वाळू, शाप, सोने, आणि बाहेरून आलेला गोरा धाडसी पुरुष. या इजिप्तमध्ये एक गोष्ट कधीच सापडत नाही. इजिप्तचे लोक.

आणि ते लोक तर भारी होते. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदिना या वस्तीत राहत. तिथे सापडलेल्या खापरांवर आणि पपायरसवर त्यांची भांडणे, उधाऱ्या, गैरहजेरीची कारणे, थडग्यात काम करताना दिलेल्या दिव्यांच्या वातींचा हिशेब, सगळे लिहिलेले आहे. रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७च्या सुमारास, त्यांना धान्याचा शिधा वेळेवर मिळाला नाही. त्यांनी अवजारे खाली ठेवली, वस्तीबाहेर पडले आणि राजांच्या स्मारकमंदिरांपाशी जाऊन ठिय्या दिला. नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. पपायरस आज इटलीत ट्युरिनला आहे. रामसेस नववा याच्या काळात थडगी फोडणाऱ्यांवर खटले चालले. त्यांतल्या आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाचा जबाब उपलब्ध आहे. त्याने आणि साथीदारांनी राजा सोबेकेमसाफचे थडगे फोडले, सोने ओरबाडले, शवपेट्या जाळल्या. पुढे तो पकडला गेला, आपल्या वाट्याचे सोने लाच म्हणून देऊन सुटला, साथीदारांनी त्याचे नुकसान भरून दिले, आणि मंडळी पुन्हा कामाला लागली! अंधार, सापळे, सोने, पहारा, भ्रष्ट अधिकारी, पोटाची भूक: गेमला लागणारे सगळे इथे आहे. परग्रहवासी आणण्याची गरज कोणाला पडली?

इजिप्तच्या लोकांनी ही गोष्ट स्वतः कशी सांगितली तेही पाहावे. एकविसाव्या घराण्याच्या काळात पुरोहितांनी चोरांच्या भीतीने राजांच्या ममी गोळा करून देर अल-बहरीजवळच्या एका खाचेत लपवल्या. रामसेस दुसरा त्यांत होता. अब्द अल-रसूल या स्थानिक कुटुंबाला ती जागा आधीच सापडली होती, त्यातल्या वस्तू ते गुपचूप विकत होते, आणि १८८१ साली सरकारला पत्ता लागला. शादी अब्देल सलाम यांचा १९६९चा 'अल-मुमिया' हा चित्रपट या घटनेवर आहे. पूर्वजांची प्रेते विकून पोट भरायचे की नाही, या पेचात सापडलेला तरुण त्यात नायक आहे. पॉवरस्लेव्हमध्येही रामसेसची ममी पळवली जाते. पण तिथे ती किलमाटांचे हत्यार आहे, इथे ती कोणाची तरी आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये कैरोने २२ राजा-राण्यांच्या ममी मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेल्या, तेव्हा जगाने पाहिले की या देशात मेलेल्यांशी नाते अजून संपलेले नाही.

मोठा पैसा ओतला तर प्रश्न सुटतो का? युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' २०१७ साली आला तो क्लिओपात्राच्या काळातला इजिप्त घेऊन. त्यात शेते आहेत, कुंभार आहेत, नाव वल्हवणारे आहेत, आणि नायक बायेक त्याच भूमीतला आहे. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला 'डिस्कव्हरी टूर' जोडली: मारामारी पूर्ण बंद, फक्त फिरा आणि माहिती ऐका. शिक्षकांनी तिचे स्वागत केले आणि मलाही ती आवडते. पण त्यात एक कबुली दडलेली आहे. इजिप्त पाहायचा असेल तर खेळ बाजूला ठेवा, खेळायचे असेल तर इजिप्तकडे पाहायला सवड मिळेलच असे नाही. शेकडो कलावंत आणि सल्लागार लावूनही जे दोन तुकडे सांधले गेले नाहीत, ते कन्सोलवरच्या पॉवरस्लेव्हने निदान सोबेकच्या मुखवट्यापुरते सांधले होते. तपशिलांचा ढीग हे या दुखण्यावरचे औषध नव्हे.

आता रेट्रोकडे वळतो. गेल्या काही वर्षांत नव्वदच्या दशकातल्या शूटरांची ढब घेऊन नवे गेम येत आहेत. २०१८चा 'डस्क', २०१९चा 'आयन फ्युरी' ही त्यांतली नावाजलेली नावे. आयन फ्युरी तर खरोखर बिल्ड इंजिनावरच केलेला आहे. २०१८चा 'प्रोजेक्ट वॉरलॉक' मध्ययुग, अंटार्क्टिका, इजिप्त अशा एकेका प्रकरणातून पुढे नेतो, आणि तिथे इजिप्तचा पाळीपाळीने येणारा देखावा होणे अपरिहार्यच असते. या प्रवाहातल्या बेताच्या गेमांची खोड एकच: ते परिणाम उचलतात, कारण सोडून देतात. डूमचे चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे आणि २५६ रंगांचे होते, कारण त्याहून जास्त त्या काळच्या यंत्राला झेपत नव्हते. राक्षस आठ दिशांनी काढलेल्या सपाट चित्रांचे होते, कारण घडीव आकृती फिरवण्याची ताकद नव्हती. त्या टंचाईतून कलावंताला प्रत्येक ठिपका मोजून वापरावा लागला, आणि शत्रू एका नजरेत ओळखू यावा म्हणून त्याची बाह्यरेषा ठसठशीत करावी लागली. आज तेच खडबडीत ठिपके वरून फासले जातात. टंचाई नसताना टंचाईचा पोशाख घातला की तो पोशाखच राहतो.

पण मग जुन्याची नक्कल करूच नये का? याचे उत्तर इजिप्तच देतो, कारण रेट्रोची हौस त्याला आपल्याआधी अडीच हजार वर्षे होती. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या सव्विसाव्या घराण्याच्या काळात कलावंत मुद्दाम जुन्या राज्यातल्या शैलीकडे वळले. इबी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यात दीड हजारांहून अधिक वर्षे आधीच्या, आपल्याच नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या थडग्यातली दृश्ये उतरवून घेतली. थिब्जचा बलाढ्य कारभारी मॉन्टुएमहात याच्या थडग्यात एक मुलगी दुसरीच्या पायातला काटा काढते आहे. हे दृश्य सुमारे सातशे वर्षे जुन्या मेन्नाच्या थडग्यातून आलेले. मूळ चित्र रंगांत आहे, नवे दगडात कोरलेले. त्याचा तुकडा ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. परकी राजवट, फुटलेले राज्य, अस्थिर काळ यांतून गेलेल्या त्या पिढीला जुन्याशी धागा जोडायचा होता. जुन्या चित्रात कोणती शक्ती आहे हे तिला ठाऊक होते, आणि तीच शक्ती तिला आपल्या मेलेल्यांसाठी हवी होती. नक्कल जिवंत झाली ती या गरजेमुळे. डस्कसारखे चांगले रेट्रो गेम याच जातीचे आहेत. नव्वदच्या दशकातला वेग, जागेचा उलगडा, चुकले तर लगेच पुन्हा उभे राहण्याची मुभा हे त्यांना हवे असते; ठिपके त्या मागोमाग येतात.

तेव्हा प्राचीन इजिप्तमधला रेट्रो शूटर निराश करतो तो दुहेरी. तो एका भूतकाळाला वालुकाश्माने रंगवतो आणि दुसऱ्याला ठिपक्यांनी, आणि दोघांपैकी एकालाही काही विचारत नाही. असा गेम करायला बसणाऱ्याने दोन प्रश्न आधी सोडवावेत. या जागेत असे काय आहे, की जे काढून घेतले तर माझा खेळ कोलमडेल? आणि जुन्या तंत्रातल्या कोणत्या अडचणीची मला आज खरोखर गरज आहे? उत्तरे मिळाली तर साहित्य भरपूर पडले आहे. वातींच्या हिशेबावर चालणारा उजेड, म्हणजे जितक्या वाती तितकाच थडग्यात वावर. शिधा थकलेले पाथरवट, जे संपावरही जाऊ शकतात आणि चोरीलाही. भिंतींवरची लिपी, जी वाचता येऊ लागली की दारपालाचे नाव कळते आणि गोळी वाचते. आणि शेवटी एक तराजू, ज्यात वाटेत केलेल्या प्रत्येक हत्येचे वजन पडते. अशा गेममध्ये बंदूक असायला माझी काही हरकत नाही. ती कुठे चालेल आणि कुठे खाली ठेवावी लागेल, हे मात्र इजिप्तला ठरवू द्यावे.